आवाज वाढला की गाणं का बंद पडतं?

मध्यम आवाजात गाडीतलं गाणं तासन्‌तास सुरळीत चालतं. रस्ता मोकळा मिळतो, आवाज वाढवला जातो, बेसचा एक दणदणीत ठोका येतो आणि सगळं एकदम चिडीचूप. दोन-चार सेकंदांत गाणं आपोआप परत येतं आणि पुढच्या मोठ्या ठोक्याला पुन्हा जातं. गाडीत बाहेरून सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतलेल्यांची ही नेहमीची तक्रार, आणि तिच्यावरचा इलाजही ठरलेला: आधी स्पीकर बदलायचे, त्याने भागलं नाही तर अ‍ॅम्प, तरीही नाही तर डॅशबोर्डमधला स्टिरिओ. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. या क्रमात पैसा महागड्या वस्तूंवर खर्च होतो आणि दोष बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त वस्तूत निघतो. वायरच्या टोकाच्या एखाद्या सैल लगमध्ये, रंगावरच आवळलेल्या बोल्टखाली, फ्यूजच्या डबीत किंवा वायरिंग किटबरोबर आलेल्या बारीक वायरमध्ये. गाडीतल्या विजेचा हिशेब एकदा मांडला की असं का होतं ते कळतं, आणि तो हिशेब साध्या मल्टिमीटरने कोणालाही पडताळून पाहता येतो.

गप्प होणारा अ‍ॅम्प बिघडलेलाच असतो, हा पहिला गैरसमज. बिघडलेली वस्तू सहसा पाच सेकंदांत आपली आपण बरी होत नाही. बऱ्यापैकी कुठल्याही अ‍ॅम्पमध्ये स्वसंरक्षणाचं सर्किट असतं आणि त्याची नजर मुख्यतः चार गोष्टींवर असते: पुरवठ्याचं व्होल्टेज फार खाली गेलं का, स्पीकरकडे जाणारा करंट मर्यादेबाहेर गेला का, हीटसिंक प्रमाणाबाहेर तापला का, आणि आउटपुटवर भलतंच डीसी व्होल्टेज आलं का. यांतलं काहीही झालं की अ‍ॅम्प आवाज तोडतो. घरातली एमसीबी पडली तर आपण लगेच नवी एमसीबी आणायला धावत नाही, कुठल्या खोलीत काय लावलं होतं ते आधी बघतो. अ‍ॅम्पच्या बाबतीत मात्र तोडणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवून बदललं जातं. नवा अ‍ॅम्प त्याच वायरीवर, त्याच बोल्टवर बसतो आणि महिन्याभरात त्याचीही तीच गत होते.

मूळ अडचण गाडीच्या १२ व्होल्टमध्ये आहे. शिकागोच्या पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने १९३० मध्ये ‘मोटोरोला’ नावाचा गाडीतला रेडिओ विकायला काढला, तेव्हा गाड्यांमध्ये ६ व्होल्टची बॅटरी असे. १९५० च्या दशकात अमेरिकी गाड्या १२ व्होल्टवर आल्या, आणि बहुतेक गाड्या आजही तिथेच आहेत. त्या काळच्या रेडिओचा आवाज म्हणजे मोजके वॅट. आता डिकीत ५०० वॅटचा सबवूफर अ‍ॅम्प ही फार मोठी गोष्ट राहिलेली नाही. हा अ‍ॅम्प क्लास डी जातीचा, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा आहे आणि त्याची कार्यक्षमता ८० टक्के आहे असं धरू. ५०० वॅट आवाजासाठी त्याला ६२५ वॅट वीज लागेल. घरच्या २३० व्होल्टवर ६२५ वॅट म्हणजे पावणेतीन अँपिअरसुद्धा नाहीत, मिक्सरच्या वायरमधून ते आरामात जातात. गाडीच्या साडेबारा व्होल्टवर त्याच ६२५ वॅटसाठी ५० अँपिअर लागतात. व्होल्टेज कमी, म्हणून करंट प्रचंड, आणि करंट प्रचंड म्हणून वाटेतला प्रत्येक सांधा महत्त्वाचा. वाटेत कुठे २० मिलिओहम, म्हणजे एका ओहमचा पन्नासावा भाग, एवढा फालतू रोध असला तर घरी त्याने एका व्होल्टच्या विसाव्या हिश्शाएवढाच फरक पडेल, कोणाच्या लक्षातही येणार नाही. गाडीत मात्र ५० अँपिअर गुणिले ०.०२ ओहम म्हणजे अख्खा १ व्होल्ट त्या सांध्यावर जिरतो. शिवाय त्या जागी ५० वॅट उष्णता तयार होते. दुकानात मिळणारी साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. गाण्यात हा भार अखंड नसतो, ठोक्याठोक्याने येतो, म्हणून वायर लगेच पेट घेत नाही इतकंच.

मग हे सगळं कमी आवाजात का जाणवत नाही? कारण कानाचा आणि वॅटचा हिशेब सरळ रेषेत चालत नाही. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर दुप्पट वीज लागते, आणि कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला हवा असेल तर साधारण १० डेसिबल वाढ लागते, म्हणजे दहापट वीज. ५ वॅटवर वाजणारं गाणं दुप्पट मोठं वाटायला ५० वॅट हवेत, आणखी दुप्पट वाटायला ५००. बटण फिरवणाऱ्या बोटांना दोन्ही वेळा सारखाच प्रवास वाटतो, बॅटरीच्या लेखी मात्र दुसरा टप्पा पहिल्याच्या दहापट असतो. त्यात बेसची भर. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांतून दिसलं की खालच्या पट्टीच्या आवाजांना माणसाचा कान बराच बहिरा असतो. तबल्याची चाट आणि डग्ग्याची घुमार सारख्याच ताकदीची ऐकू यायची असेल तर घुमारेमागे कितीतरी जास्त ऊर्जा लागते. म्हणून सैल सांधा मध्यम आवाजात बिनबोभाट काम करतो आणि नेमका बेसच्या ठोक्याला दगा देतो. आवाज वाढवल्याने दोष निर्माण होत नाही. तो आधीपासून तिथेच असतो, मोठा करंट त्याला उघडं पाडतो.

आकड्यांची बेरीज करून पाहू. इंजिन बंद आहे, बॅटरी पूर्ण भरलेली आहे, म्हणजे तिच्या टोकांवर १२.६ व्होल्ट. ५० अँपिअर ओढले की बॅटरी स्वतःच दबते, १२ च्या आसपास येते. बोनेटपासून डिकीपर्यंतच्या पाच मीटर वायरमध्ये १ व्होल्ट गेला. ‘८ गेज’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, पण आत जेमतेम ४ चौरस मिलिमीटर तांबं असलेल्या वायरमध्ये तो सहज जातो. डिकीतल्या अर्थिंगच्या बोल्टखाली रंग राहून गेला होता, तिथे आणखी १ व्होल्ट. अ‍ॅम्पच्या वाट्याला उरले १०. आणि अनेक अ‍ॅम्प नेमके १० व्होल्टच्या आसपासच मान टाकतात. वायरीतून करंट जायचा थांबला की व्होल्टेज क्षणात पुन्हा साडेबारा होतं, अ‍ॅम्प जागा होतो, पुढचा ठोका येतो, पुन्हा तेच. आता इंजिन चालू करा. अल्टरनेटर १४ व्होल्टच्या पुढे पुरवठा करतो, दोन व्होल्ट वाटेत गेले तरी अ‍ॅम्पला १२ मिळतात, गाणं तुटत नाही. ‘गाडी चालू असली की वाजतं, बंद असली की तुटतं’ असं सांगणाऱ्याने रोगाचं निम्मं निदान स्वतःच केलेलं असतं.

यावर पहिला आक्षेप मीटरवाल्यांचाच येतो: अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर मोजलं, साडेबारा व्होल्ट स्वच्छ दिसतात, मग वायरिंगचा काय दोष? दोष मोजण्याच्या वेळेचा आहे. ओहमचा नियम शाळेत सगळेच शिकतो: व्होल्टेजची घट म्हणजे करंट गुणिले रोध. करंट शून्य असेल तर घटही शून्य, मग सांधा कितीही कुजका असो. गाणं बंद ठेवून घेतलेलं मोजमाप वायरिंगबद्दल काहीच सांगत नाही. मल्टिमीटरचा ‘बीप’ तर त्याहून फसवा आहे. काही ओहम रोध असला तरी तो वाजतो, आणि आपण शोधतोय ओहमचा पन्नासावा भाग. रोध मोजायला जावं तर मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रोध त्यापेक्षा जास्त असतो. तेव्हा मोजायची ती घट, आणि तीही भार चालू असताना. मोबाइलवर ५० किंवा ६० हर्ट्‌झचा सलग सूर वाजवणारं अ‍ॅप फुकट मिळतं. गाण्यात आकडा नाचत राहतो, सुरात तो स्थिरावतो. सूर काही सेकंदच ठेवायचा, कारण सलग सुराने वूफरची कॉइल तापते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरं अ‍ॅम्पच्या प्लस टर्मिनलवर लावायचं. मीटरची वायर डिकीपर्यंत पोचत नाही, पण तिला कुठलीही पाच-सहा मीटर बारीक वायर जोडली तरी चालतं, मीटर करंट ओढतच नाही म्हटलं तरी चालेल. मग तसंच मायनसच्या बाजूला: बॅटरीची मायनस खुंटी ते अ‍ॅम्पचं ग्राउंड टर्मिनल. दोन्ही आकड्यांची बेरीज अर्ध्या व्होल्टच्या आत राहिली तर वायरिंगला दोष देऊ नये. एका बाजूला पाऊण किंवा एक व्होल्ट दिसला तर मीटरचं एक टोक सरकवत जायचं: खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते फ्यूज, फ्यूजची अलीकडची बाजू ते पलीकडची. आकडा जिथे उडी मारतो तिथे रोग. अ‍ॅम्प मोजायच्या आतच बंद पडत असेल तर आवाज कमी ठेवून मोजावं. निम्म्या करंटला निम्मी घट दिसते, गुणाकार आपल्याला करता येतो.

या शोधात सर्वांत जास्त वेळा हाती लागतो तो डिकीतला अर्थिंगचा बोल्ट. गालिचा उचलला की एक काळी वायर, तिच्या टोकाला पक्कडीने चेपलेला लग, आणि तो गाडीच्या पत्र्यावर एका स्क्रूने आवळलेला दिसतो. वरून सगळं घट्ट असतं. स्क्रू काढून लग बाजूला केला की खाली गाडीचा मूळ रंग जसाच्या तसा, फक्त स्क्रूच्या आट्यांनी खरवडलेली एक बारीक चकाकती कड. अ‍ॅम्पचा सगळा करंट त्या कडेतून बॉडीत जात असतो. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायची, लग नीट क्रिम्प करायचा, दातेरी वॉशर घालून नट-बोल्टने आवळायचा आणि गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस किंवा रंग लावायचा. अर्ध्या तासाचं काम आहे. सीट बेल्टचा बोल्ट मात्र यासाठी वापरू नये. तो जीव वाचवण्यासाठी ठरावीक ताकदीने आवळलेला असतो, त्याच्याशी खेळ नको. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने हाच सांधा, आणि बॅटरीच्या खुंट्याही, लवकर खराब होतात. टर्मिनलवर जमणारी हिरवी-पांढरी भुकटी हा नुसता मळ नसतो, तो रोध असतो. दुसरा नेहमीचा आरोपी बॅटरीजवळची फ्यूजची डबी. तिचं पारदर्शक प्लॅस्टिक एका टोकाला पिवळट, तपकिरी झालं असेल तर फ्यूज शाबूत असूनही तिथे पकड सैल आहे आणि उष्णता साचते आहे, हे मीटर न लावताही कळतं. तिसरी वायर स्वतः. किटमधल्या जाड वायरचा एक धागा सोडवून ब्लेडने खरवडावा. आतून पांढरट निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपट रोध. ती वायर टाकाऊ नाही, पण एक-दोन गेज जाड घ्यायला हवी होती. आणि पुष्कळशा स्वस्त वायरींमध्ये जाडी धातूची नसून रबराची असते, हा वेगळाच प्रकार.

अर्थात सगळंच पाप वायरीच्या माथी मारणंही चूक. आवाज नेमका कुठे तुटतो हे आधी पाहिलं तर निम्मी शोधाशोध वाचते. स्टिरिओचा पडदाच काळा होऊन कंपनीचा लोगो पुन्हा उमटत असेल, आणि स्वस्त अँड्रॉइड स्टिरिओंमध्ये हे फार होतं, तर त्या स्टिरिओच्या स्वतःच्या पुरवठ्यात घट आहे. मूळ रेडिओसाठीच्या बारीक वायरीवर जास्त भूक असलेलं यंत्र बसवलेलं असतं. पडदा चालू, पण अ‍ॅम्पचा दिवाच विझतो: मुख्य वायर, फ्यूज किंवा स्टिरिओकडून येणारी निळी-पांढरी रिमोट वायर. दिवा हिरव्याचा लाल होतो: अ‍ॅम्पला काहीतरी खुपलं आहे, ते पुरवठ्याकडचं असेल किंवा स्पीकरकडचं. एकच दरवाजा गप्प होतो आणि बाकीचे वाजत राहतात: तो स्पीकर किंवा त्याची वायर. दरवाजा आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत ही वायर हजारो वेळा वाकून आतल्या आत तुटलेली असते. हेडलाइटचाही उपयोग होतो. रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून वाजवलं आणि हॅलोजनचा झोत ठोक्यागणिक मंदावला, तर घट अख्ख्या गाडीत आहे, म्हणजे बॅटरी, अल्टरनेटर किंवा बॉडी आणि इंजिनचं अर्थिंग. झोत ढळत नाही पण अ‍ॅम्प मरतो, तर घट फक्त अ‍ॅम्पच्या वाटेवर आहे. एलईडी दिव्यांवर ही परीक्षा चालत नाही, ते घट झाकून टाकतात.

वायरिंगचे आकडे चोख आले आणि तरीही लाल दिवा लागतो, तर पाळी भाराची. इथे दुकानातल्या हौसेचा हात असतो. ४ ओहमचा एक वूफर होता, दुसरा तसाच आणून समांतर जोडला, की अ‍ॅम्पला दिसतात २ ओहम. तेवढ्याच व्होल्टेजला दुप्पट करंट. अ‍ॅम्प २ ओहमला तयार असेल तर ठीक. पण चार चॅनेलच्या अ‍ॅम्पचे दोन चॅनेल ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, वूफर लावलेला असेल तर बहुतेक अ‍ॅम्पना तिथे किमान ४ ओहम हवे असतात, आणि हे वाक्य माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरात छापलेलं असतं. कमी आवाजात दुप्पट करंटही छोटाच, म्हणून कुरकुर नाही. वाढवला की अ‍ॅम्प हात वर करतो. स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पपासून सोडवून मीटरने मोजल्या तर ४ ओहमचा स्पीकर साधारण सव्वातीन ते साडेतीन ओहम दाखवतो. तिथे दीड-पावणेदोन दिसले तर कारण सापडलं. त्याच वेळी मीटरचं एक टोक बॉडीला लावून पाहावं. स्पीकरची कुठलीही वायर बॉडीला टेकलेली असता कामा नये. डोअर पॅड बसवताना चेपलेली वायर कधी कधी फक्त वूफरच्या कंपनाने पत्र्याला लागते, म्हणजे मोठ्या आवाजातच शॉर्ट होते, आणि मग वर्षभर छळते. उष्णतेची खूण मात्र अगदी वेगळी. अर्धा-पाऊण तास वाजून मग बंद, आणि थंड होईपर्यंत परत येत नाही. सीटखाली गालिच्यात गुंडाळलेला अ‍ॅम्प मे महिन्यात अकोल्यात किंवा नागपुरात गाडी उन्हातून काढल्याबरोबर जोरात वाजवला तर तो सुरुवातच तापलेल्या हीटसिंकवर करतो. त्याला चारी बाजूंनी हवा मिळेल अशी जागा द्यावी, दुसरा उपाय नाही.

आता बाजारातले उपाय. सर्वांत चमकदार उपाय म्हणजे डिजिटल आकडे दाखवणारा १ फॅरडचा कपॅसिटर. तो बसवला की ठोक्याला लागणारी जादा वीज तिथून मिळते, असा युक्तिवाद असतो. मिळते, पण किती? १४.४ व्होल्टपासून १२ व्होल्टपर्यंत उतरताना १ फॅरडचा कपॅसिटर सुमारे ३२ जूल ऊर्जा देतो. ५०० वॅटच्या भाराला ती एका सेकंदाच्या सोळाव्या हिश्शापुरती पुरते. बेसचा घुमारा त्याहून लांब टिकतो, आणि मग रिकामा कपॅसिटर भरून काढायचा भारही त्याच अशक्त वायरीवर पडतो. हेडलाइटची लवलव थोडी सौम्य होईल, एक व्होल्ट खाणारा बोल्ट तसाच राहील. नवी, मोठी बॅटरी हा दुसरा उपाय. जुनी खरोखर दमलेली असेल तर जरूर बदलावी. पण गाडी चालू असताना वीज मुख्यतः अल्टरनेटर देतो, आणि बॅटरी कितीही तगडी असली तरी बॅटरी आणि अ‍ॅम्प यांच्यामधली वाट तीच असते. अल्टरनेटरचा प्रश्न खराही असू शकतो. छोट्या हॅचबॅकचा अल्टरनेटर भर वेगात ६५ ते ९० अँपिअर देतो, सिग्नलला आयडलवर त्याहून बराच कमी, आणि त्यातून एसीचा पंखा, हेडलाइट, इंजिनची स्वतःची गरज भागवायची असते. सिग्नलला तुटणारं आणि गाडी धावू लागली की जुळणारं गाणं ही त्याची खूण. तिसरा उपाय बोलायलाही नको असा: फ्यूज उडतो म्हणून ६० च्या जागी १०० चा घालणं. बॅटरीजवळचा फ्यूज अ‍ॅम्पला वाचवण्यासाठी नसतोच, तो वायरीला आणि पर्यायाने गाडीला आगीपासून वाचवण्यासाठी असतो. वायरीला पेलेल त्याहून मोठा फ्यूज घालणं म्हणजे तो राखणदार काढून टाकणं.

‘अहो, पण अ‍ॅम्पच हलका असेल, खोक्यावर २००० वॅट लिहिलंय म्हणून काय झालं’ असा एक आक्षेप राहतो, आणि तो रास्त आहे. खोक्यावरचे वॅट बहुतेकदा काल्पनिक असतात. तपासायची युक्ती अ‍ॅम्पच्याच अंगावर आहे. अ‍ॅम्पवर २५ अँपिअरचा एकच फ्यूज असेल तर १४.४ व्होल्टला तो आत घेऊच शकतो ३६० वॅट, बाहेर १५०० कुठून देणार? अमेरिकेतल्या उद्योगसंस्थेने २००३ मध्ये सीईए-२००६ हे मोजमापाचं प्रमाण आणलं, आता ते सीटीए-२००६ म्हणून ओळखलं जातं. १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्यापर्यंत विकृती या अटींवर आरएमएस वॅट सांगायचे, हे त्याचं सार. तो शिक्का असलेला ३०० वॅटचा अ‍ॅम्प शिक्क्याशिवायच्या २००० वॅटवाल्याला सहज भारी पडू शकतो. स्टिरिओवर छापलेल्या ‘५० वॅट गुणिले ४’ चंही तसंच. १४.४ चा वर्ग भागिले ४ ओहम केलं की बरोबर ५२ च्या आसपास येतात. म्हणजे सूर पार चौकोनी होईपर्यंत पिळला तर मिळणारा तो आकडा. स्वच्छ आवाजात त्यातून २० वॅटच्या आसपासच निघतात. पण हलका अ‍ॅम्प ही माझ्या मुद्द्याविरुद्धची साक्ष नाही. हलक्या अ‍ॅम्पकडून जास्त काढायला लोक त्याचा गेन शेवटपर्यंत फिरवतात. गेन हे आवाजाचं बटण नव्हे. स्टिरिओकडून येणारा सिग्नल, समजा २ व्होल्टचा, अ‍ॅम्पशी जुळवून घेण्याची ती सोय आहे. गेन पूर्ण फिरवला की अर्ध्या आवाजातच अ‍ॅम्प आपल्या कमाल पातळीला पोचतो, सुराचे माथे कापले जातात, करंट आणि उष्णता दोन्ही वाढतात आणि प्रोटेक्शन पडतं. स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवून, फाटका आवाज यायला लागेल तिथून गेन जरा मागे घ्यावा. याला काहीच खर्च येत नाही, म्हणून वायरिंग मोजण्याच्याही आधी हे करून पाहावं.

‘एवढं कशाला, आवाजच कमी ठेवा की’ असं म्हणणारेही असतात. कानांच्या दृष्टीने त्यांचं बरोबर आहे. ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा मानली जाते आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला ती निम्मी होते. विजेच्या दृष्टीने मात्र आवाज कमी ठेवून सांधा सुधारत नाही. तो गालिच्याखाली हळूहळू गंजत राहतो, आणि आज आवाजाच्या पंचवीस आकड्याला तुटणारं गाणं पुढच्या पावसाळ्यानंतर अठराला तुटू लागतं.

उरला तो अ‍ॅम्प, जो खरोखरच बिघडलेला असतो. तोही असतो. कंपनाने सुटलेलं सोल्डर, जुने झालेले कपॅसिटर, जळलेला आउटपुट ट्रान्झिस्टर. त्याची परीक्षा सरळ आहे: बॅटरीची मायनस काढून अ‍ॅम्पवरच्या सगळ्या स्पीकर वायरी आणि स्टिरिओकडून सिग्नल आणणाऱ्या आरसीए केबल सोडवायच्या, मग बॅटरी जोडून फक्त प्लस, ग्राउंड आणि रिमोट यांवर अ‍ॅम्प चालू करायचा. काहीच जोडलेलं नसताना लाल दिवा लागला तर दोष अ‍ॅम्पच्या पोटात. हिरवा राहिला तर एकेक वायर परत जोडत जायचं, ज्या वायरीला लाल होईल ती वायर दोषी. वायरी जोडताना एक काळजी: ज्यांच्या गाडीत बॅटरीच्या मायनस खुंटीवर छोटा सेन्सर बसवलेला असतो, त्यांनी अ‍ॅम्पचं ग्राउंड थेट खुंटीला न जोडता बॉडीलाच जोडावं, नाहीतर गाडीला स्वतःच्या बॅटरीचा हिशेब लागत नाही. दुकानात जायचंच झालं तर प्लसकडची घट, मायनसकडची घट आणि स्पीकरचे ओहम हे तीन आकडे कागदावर लिहून न्यावेत. मग काउंटरवरचं बोलणं ‘हा गेला, नवा टाकून देतो’ इथून सुरू करणं समोरच्याला जरा अवघड जातं.